बहुरूपी तापावर एक लस

शेतकीच्या मासिकांत तापाची व त्यावरील लसींची चर्चा कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत सहज येईल. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या रोगासंबंधीं आज लिहावयाचें आहे तो केवळ मनुष्याचा रोग नाहीं. तो मूळचा पाणपक्ष्यांचा. त्यांजपासून तो कोंबड्यांस होतो, डुकरांस होतो, आणि मार्च २०२४ पासून अमेरिकेंत तो दुभत्या गाईंच्या गोठ्यांतहि आढळला आहे. या रोगाचें नांव इन्फ्ल्युएंझा. मनुष्यांत त्यास फ्लू म्हणतात, कोंबड्यांत बर्ड फ्लू म्हणतात. परंतु घराणें एकच.

आपल्या ठाणें जिल्ह्यांत शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ या तालुक्यांत भातशेतीस जोड म्हणून कोंबडीपालन करणारे बंधु पुष्कळ आहेत. ठाणें, कल्याण व डोंबिवली हीं शहरें त्यांचें गिऱ्हाईक. तेव्हां शेडांत रोग शिरला तर नुकसान कोणाचें, आणि शहरांत भीति पसरली तर भाव कोणाचा पडतो, हें आम्हीं निराळें सांगावयास नको. सध्यां सर्व जगांत या रोगाच्या अनेक वंशांवर एकच लस काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते कोठवर आले आहेत, तोंवर आपण काय करावें, आणि या शोधांत शेतकऱ्याचा वांटा कोणता, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

मागील इतिहास

घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ‘मानमोडीच्या सांथी’ची गोष्ट अनेकांनीं ऐकली असेल. ती सांथ म्हणजेच १९१८ सालचा इन्फ्ल्युएंझा. जून १९१८ मध्यें तो मुंबईंत प्रथम दिसला. महायुद्धांतील फौजेच्या जहाजाबरोबर तो बंदरांत आला, असें त्या वेळच्या आरोग्याधिकाऱ्यांचें मत होतें. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरांत दुसरी उसळली, ती मात्र भयंकर ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ सालीं सुरू झाली व पुढल्या वर्षीं ती कल्याणास पोंचली. कल्याणास एक फांटा नाशिकाकडे व एक पुण्याकडे जातो. ज्या लोहमार्गानें आपलें भात व गवत मुंबईस जात असे, त्याच मार्गानें ताप आंत शिरला. त्या सालीं पाऊसहि दगा देऊन गेला होता, आणि दुसरी लाट नेमकी भातकापणीच्या हंगामांत आली. सबंध हिंदुस्थानांत सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत माणसें या तापानें दगावलीं असावीं, असे अभ्यासकांचे निरनिराळे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित् घटली. विसाव्या शतकांत असें दशक एवढें एकच.

त्या वेळीं या रोगाचें मूळ कोणासहि ठाऊक नव्हतें. एका जंतूवर संशय घेऊन लसी केल्या गेल्या. पण तो जंतु खरा गुन्हेगार नव्हता. १९३३ सालीं लंडन येथें स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या तिघां शास्त्रज्ञांनीं रोग्याच्या घशांतील धुवण फेरेट नांवाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकांत घालून तोच ताप उत्पन्न केला, तेव्हां हा रोग विषाणूचा आहे हें सिद्ध झालें. त्याच्या दोनतीन वर्षें आधीं अमेरिकेंत शोप यांस डुकरांत असाच विषाणु सांपडला होता.

पुढें १९५७, १९६८ व २००९ या सालीं नव्या वंशांच्या जागतिक सांथी आल्या. २००९ चा वंश डुकरांकडून आलेला होता. त्यानें आपल्या देशांत पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्यें पुणें शहरांत घेतला.

कोंबड्यांतील इतिहासहि आपल्याच प्रांतांत सुरू होतो. भारतांतील पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें उघडकीस आला. जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा गांवीं सुमारें ८०० कोंबड्या मेल्या, आणि त्याच सुमारास ठाणें शहरांत मरून पडलेल्या बगळ्यांतहि हा रोग निघाला. त्यानंतर वर्षभरानें, फेब्रुवारी २०२२ मध्यें, तो शहापूर तालुक्यांतील वेहळोली या गांवीं एका कोंबडीपालकाच्या शेडांत आला. तेथें शंभराच्या आसपास पक्षी मेले. परंतु एक किलोमीटरच्या परिघांतील सुमारें २५,००० पक्षी नष्ट करण्याचा हुकूम झाला. शंभर मेले व पंचवीस हजार गेले, हा हिशेब आपल्या जिल्ह्यांतील प्रत्येक कोंबडीपालकानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. नवापूर, मुरुंबा व वेहळोली या तिन्ही घटना जानेवारी-फेब्रुवारींतील आहेत, हेंहि विसरूं नये. थंडीच्या दिवसांत परदेशचे पाणपक्षी आपल्या खाड्या व तळीं जवळ करतात, आणि या विषाणूचें माहेर पाणपक्ष्यांच्या पोटांत आहे.

दोन मानमोड्या

येथें एक घोळ दूर केला पाहिजे. कोंबड्यांच्या राणीखेत रोगासहि आपल्याकडे मानमोडीच म्हणतात. त्यामुळें कांहीं बंधूंची अशी समजूत होते कीं, राणीखेतची लस दिली म्हणजे कोंबडी सर्व मानमोड्यांतून सुटली. ही समजूत अगदीं चुकीची आहे. राणीखेतचा विषाणु निराळ्या घराण्याचा. त्याच्या लसीचा बर्ड फ्लूवर कांहीं उपयोग नाहीं.

पण या दोन रोगांची तुलना मोठी बोधप्रद आहे. राणीखेतवरील जी लस भारतांत १९४० नंतरच्या दशकांत तयार झाली, तिचाच वंश आजहि वापरांत आहे व उपयोगी पडतो. इन्फ्ल्युएंझावरील लस मात्र दरसाल नवी करावी लागते. असें कां व्हावें? कारण राणीखेतचा विषाणु आपली बाहेरची ओळख फारशी बदलीत नाहीं. इन्फ्ल्युएंझाचा विषाणु बहुरूप्याप्रमाणें सारखीं सोंगें पालटीत असतो.

विषाणूचें स्वरूप

हा विषाणु साध्या सूक्ष्मदर्शकांतून दिसत नाहीं इतका लहान आहे. त्याच्या अंगावर दोन प्रकारच्या प्रथिनांचे कांटे असतात. एकाचें नांव हिमॅग्लुटिनिन. त्याच्या योगें तो आपल्या घशांतील पेशीस चिकटतो व आंत शिरतो. दुसऱ्याचें नांव न्यूरामिनिडेज. त्याच्या योगें नवे विषाणु पेशींतून सुटून बाहेर पडतात. या दोहोंच्या आद्याक्षरांवरून एच व एन अशीं खुणेचीं अक्षरें धरितात. रानपक्ष्यांत एच चे निदान सोळा व एन चे नऊ प्रकार आढळले आहेत. १९१८ व २००९ चे वंश एच१एन१ होते. वेहळोलीचा वंश एच५एन१ होता.

हा विषाणु दोन रीतींनीं बदलतो. पहिली रीत हळूहळू बदलण्याची. नक्कल करतांना त्याच्या हातून सारख्या चुका होतात, आणि कांट्याच्या टोंकाचें रूप वर्षावर्षास थोडें थोडें पालटत जातें. दुसरी रीत एकाएकीं बदलण्याची. त्याचीं जनुकें आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच प्राण्याच्या शरीरांत दोन निरनिराळे वंश एकाच वेळीं शिरले, तर त्या तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच वंश जन्मास येतो. डुक्कर हा प्राणी पक्ष्यांचे व मनुष्याचे असे दोन्ही प्रकारचे विषाणु घेऊं शकतो, म्हणून त्याच्या शरीरांत अशी भेसळ होण्याचा संभव असतो. कोंबड्या, बदकें व डुकरें एकाच आवारांत ठेवूं नयेत, असें पशुवैद्य सांगतात त्याचें कारण हेंच.

शेतकऱ्यास ही गोष्ट नवीन वाटूं नये. गव्हाचा तांबेरा पहा. एखादें वाण तांबेऱ्यास दाद देत नाहीं म्हणून गाजतें, सर्वत्र पेरलें जातें, आणि कांहीं वर्षांनीं तांबेऱ्याची नवी जात निघून तेंच वाण तिला बळी पडतें. भातावरील करप्याचीहि तीच कथा आहे. शत्रु बदलतो; वाणांतील एकट्या गुणाचा पहारा निकामी होतो. म्हणून वाण तयार करणारे शास्त्रज्ञ आतां एकाच वाणांत दोनतीन प्रतिकारक गुण एकत्र आणितात. लसीच्या क्षेत्रांतहि विचाराची दिशा हीच आहे.

दरसालची लस

मनुष्यासाठीं जी लस आज मिळते ती अशी तयार होते. निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळा रोग्यांच्या नाकाघशांतील नमुने वर्षभर तपासतात. जागतिक आरोग्य संघटनेनें हें जाळें १९५२ सालीं सुरू केलें. त्याच सालीं पुणें येथें विषाणु-संशोधन केंद्र स्थापन झालें. आज ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नांवानें चालतें व या कामीं भारताच्या वतीनें भाग घेतें. या नमुन्यांवरून वर्षांतून दोनदां, फेब्रुवारींत उत्तर गोलार्धासाठीं व सप्टेंबरांत दक्षिण गोलार्धासाठीं, कोणते वंश लसींत घालावेत हें ठरतें. मग ते वंश बहुतेक ठिकाणीं कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यांत वाढवितात, मारितात व शुद्ध करितात. या साऱ्यास सुमारें सहा महिने लागतात. म्हणजे कोंबडीचें अंडें हेंच या लसीचें शेत होय. सहा महिन्यांपूर्वींच्या अंदाजावर पेरणी करावयाची, आणि पीक हातीं येईपर्यंत विषाणूनें रूप पालटलें तर लस फिकी पडावयाची. १९४७ सालीं अमेरिकेंत असेंच झालें. आदल्या वर्षांच्या वंशाची लस नव्या वंशापुढें निष्फळ ठरली.

एका लसींत अनेक वंश घालण्याची कल्पनाहि जुनीच आहे. मनुष्याच्या लसींत बरीच वर्षें ए चे दोन व बी चा एक असे तीन वंश असत. पुढें बी चे दोन धरून चार झाले. भारतांत बनलेली पहिली चतुर्वंशी लस २०१८ सालीं बाजारांत आली. गंमत अशी कीं, बी पैकीं यामागाटा नांवाचा वंश मार्च २०२० नंतर जगांत कोठेंहि खात्रीलायक आढळला नाहीं. म्हणून सप्टेंबर २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें तो वगळण्याची शिफारस केली व लस पुन्हां त्रिवंशी होऊं लागली.

आपल्या प्रांताचाहि या कामांत वांटा आहे. २००९ च्या सांथीनंतर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें २०१० सालीं नाकांत फवारण्याची एक लस काढली. तिच्यांत दुबळा केलेला जिवंत विषाणु असून सुई टोंचावी लागत नसे.

या दरसालच्या लसीचा गुण किती? जुळणी चांगली असेल त्या वर्षीं दवाखान्याची पायरी चढण्याचा प्रसंग सुमारें ४० ते ६० टक्क्यांनीं कमी होतो. जुळणी चुकली तर त्याहून कमी. हा गुण पूर्ण नव्हे हें खरें. पण वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुलें, दमेकरी व मधुमेही यांस तो प्राणरक्षक ठरूं शकतो. आपल्याकडे या तापाचा जोर पावसाळ्यांत, विशेषतः जुलै ते सप्टेंबरांत असतो. म्हणून लस पावसाळ्यापूर्वीं, एप्रिल-मे मध्यें घेणें श्रेयस्कर. थंडीच्या तोंडीं लस घेण्याची यूरोपीय चाल कोंकणास लागू पडत नाहीं.

अनेक वंशांवर एक लस

आतां मुख्य विषयाकडे वळूं. दरसाल पेरणी करण्यापेक्षां अशी एक लस कां काढूं नये, जी आजच्या, उद्यांच्या व अद्यापि जन्मास न आलेल्या वंशांवरहि चालेल? हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढें बरेच दिवस आहे. त्यावर मुख्यतः तीन वाटा निघाल्या आहेत.

पहिली वाट अशी. हिमॅग्लुटिनिनच्या कांट्याचे दोन भाग असतात. नाचणीच्या रोपास जसें वर कणीस व खालीं दांडा, तसें या कांट्यास वर डोकें व खालीं देंठ असतें. विषाणु जो बदल करितो तो बहुतेक डोक्यांत. देंठ फारसा बदलत नाहीं. परंतु आपलें शरीर लस घेतल्यावर डोक्यावरच नजर रोखतें व देंठाकडे दुर्लक्ष करितें. म्हणून न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई येथील शास्त्रज्ञांनीं देंठ तोच ठेवून दर वेळीं डोकें निराळें लावलेल्या लसी तयार केल्या. डोकें अनोळखी व देंठ ओळखीचा, म्हणून शरीर देंठाविरुद्ध सज्ज होतें. मनुष्यांवरील पहिल्या चांचणीचे निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाले. लस सुरक्षित आढळली, व देंठाविरुद्धचीं प्रतिद्रव्यें वाढून दीड वर्षपर्यंत टिकलेलीं दिसलीं. प्रत्यक्ष सांथींत ती रोगास किती अडवील, हें ठरविण्यास याहून मोठ्या चांचण्या लागतील.

दुसरी वाट एकत्र बांधणीची. एका सूक्ष्म कणावर अनेक वंशांचे कांटे आळीपाळीनें बसवावयाचे, म्हणजे जो भाग सर्वांत समान आहे त्याकडेच शरीराचें लक्ष जाईल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत अशा लसी तयार करून त्यांच्या मनुष्यांवर प्राथमिक चांचण्या झाल्या आहेत.

तिसरी वाट पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतील स्कॉट हेन्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नोव्हेंबर २०२२ मध्यें प्रसिद्ध केली. करोनाच्या काळांत ज्या पद्धतीच्या लसी निघाल्या त्याच पद्धतीनें त्यांनीं ए व बी यांच्या ज्ञात अशा वीस प्रकारांच्या हिमॅग्लुटिनिनचे संदेश एकाच लसींत घातले. उंदीर व फेरेट यांजवर प्रयोग करतां, लसींत हुबेहूब नसलेल्या वंशापासूनहि कांहीं संरक्षण मिळालें. या लसीचा हेतु रोग अजीबात होऊं न देण्याचा नसून नवी सांथ आल्यास ती प्राणघातक होऊं न देण्याचा आहे. कुंपण घातल्यानें एकहि जनावर शेतांत शिरणार नाहीं असें नव्हे. पण सारें पीक उध्वस्त होण्याचें टळतें, तसाच हा प्रकार.

या वाटा निष्कंटक नाहींत. इस्राएलमधील एका संस्थेनें विषाणूचे न बदलणारे तुकडे एकत्र जोडून एक सर्ववंशी लस केली होती. तिच्यावर बारा हजारांहून अधिक लोकांत मोठी चांचणी झाली. पण २०२० सालीं निष्कर्ष आला कीं, लस घेतलेल्यांत व न घेतलेल्यांत फ्लूचें प्रमाण लक्षणीय निराळें नाहीं. प्रयोगशाळेंत उत्तम दिसलेलें वाण शेतांत उतरल्यावर फसतें, तसेंच हें झालें. आणखी एक अडचण अशी कीं, बालपणीं ज्या वंशाशीं प्रथम गांठ पडते त्याची आठवण शरीर जन्मभर ठेवतें व पुढील प्रत्येक लसीस त्याच चष्म्यांतून पाहतें. सारांश, सर्व वंशांवर चालणारी लस बाजारांत विकत मिळेल अशी स्थिति अद्यापि आलेली नाहीं. कोणी तसें सांगून कांहीं विकूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये.

कोंबड्यांस लस द्यावी कीं नाहीं?

कोंबडीपालकांचा जिव्हाळ्याचा प्रश्न हा. चीन देशांत २०१३ पासून एच७एन९ या वंशानें कोंबड्यांच्या संसर्गांतून दीड हजारांवर माणसें आजारी पडलीं. २०१७ च्या सप्टेंबरपासून तेथें कोंबड्यांस एच५ व एच७ अशी द्विवंशी लस देशभर देण्यांत आली, आणि पुढील हंगामांत माणसांतील रोगी बोटांवर मोजण्याइतके उरले. फ्रान्सनें ऑक्टोबर २०२३ पासून बदकांस लस देण्यास आरंभ केला. त्या हंगामांत तेथील रोगाचे उद्रेक शेंकड्यांवरून अगदीं थोड्यांवर आले.

मग आपल्याकडे तसें कां नाहीं? आपल्या देशाचें धोरण रोग ओळखून बाधित परिघांतील पक्षी नष्ट करण्याचें राहिलें आहे. त्यामागील विचार असा. लस घेतलेली कोंबडी मरत नाहीं, पण विषाणु तिच्या अंगीं थोडाबहुत राहूं शकतो व नकळत पसरूं शकतो. मरतुक हीच आपली धोक्याची घंटा. ती बंद पडली तर रोग आंतल्या आंत धुमसत राहील. शिवाय लस दिलेल्या मुलखांतील पक्षी व अंडीं घेण्यास परदेशचे व्यापारी कां-कूं करितात. चीन व फ्रान्स यांनीं लसीबरोबर तपासणीचीहि मोठी व्यवस्था ठेविली. ती नसतां नुसती लस टोंचणें धोक्याचें होय, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तथापि आपले शास्त्रज्ञ स्वस्थ बसलेले नाहींत. भोपाळ येथें पशुरोगांची उच्च सुरक्षेची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तेथें एच९एन२ या सौम्य वंशावर कोंबड्यांसाठीं स्वदेशी लस तयार करून तिचें तंत्र २०२२ सालीं लस बनविणाऱ्या कंपन्यांच्या स्वाधीन करण्यांत आलें. या सौम्य वंशानें कोंबडी सहसा मरत नाहीं. पण अंडीं घटतात व इतर रोगांस वाव मिळतो. मात्र ही लस एच५एन१ वर चालत नाहीं, हें पक्कें ध्यानांत असावें. येथेंहि पुन्हां वंशांचाच प्रश्न आडवा येतो.

लसीचें बीं शेतकऱ्याच्या शेडांत

आतां आम्ही लेखाच्या गाभ्याकडे येतों. एकवंशी, चतुर्वंशी वा विंशतिवंशी, कोणतीहि लस असो. ती करणाऱ्यास प्रथम हें कळलें पाहिजे कीं, आज कोणता विषाणु कोठें व कोणत्या रूपांत फिरत आहे. मनुष्यांतील वंशांची जशी वर्षांतून दोनदां छाननी होते, तशीच पक्ष्यांकडून मनुष्याकडे येऊं शकणाऱ्या वंशांचीहि होते, व पुढेंमागें लागल्यास त्यांच्या लसीचें बियाणें आगाऊ तयार करून ठेवितात. हें बियाणें येतें कोठून? मेलेल्या कोंबडीच्या नमुन्यांतून. गांवचा नमुना पशुवैद्यामार्फत पुण्यास औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे व तेथून भोपाळास जातो. ज्या शेतकऱ्यानें मेलेल्या कोंबड्या रात्रीं नाल्यांत टाकल्या, त्यानें केवळ खालच्या गांवास रोग दिला असें नव्हे. लसीचें बींहि त्याच नाल्यांत बुडविलें.

लपविण्याचें कारण आम्ही जाणतों. वर्दी दिली कीं शेड रिकामें होणार, शेजाऱ्यांचे निरोगी पक्षीहि जाणार, आणि सारा गांव बोट दाखविणार. ही भीति खोटी नव्हे. पण हिशेब नीट मांडून पहावा. भरपाई मिळते ती सरकारनें नष्ट केलेल्या पक्ष्यांची. तिचा अर्धा भार केंद्र व अर्धा राज्य सरकार सोसतें. रोगानें आधींच मेलेल्या पक्ष्यांस भरपाई नाहीं. म्हणजे वर्दी देण्यास जितका उशीर, तितके पक्षी फुकट गेले. पहिल्या दिवशीं वर्दी देणारा कांहीं तरी वांचवितो. चौथ्या दिवशीं देणारा भरपाईहि गमावतो व शेजाऱ्यासहि बुडवितो. शिवाय २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्यान्वयें अशी वर्दी गांवच्या अधिकाऱ्यास अथवा ग्रामपंचायतीस देणें हें मालकाचें व ज्याच्या ताब्यांत जनावर आहे त्याचें कर्तव्य आहे. पिलें कंपनीचीं व शेड आपलें असलें तरी हें कर्तव्य टळत नाहीं. आमच्या मतें सरकारनेंहि भरपाई वेळेवर पोंचविण्याची दक्षता घ्यावी. कारण ज्या गांवीं ती रखडते त्या गांवीं पुढील वर्दी येत नाहीं.

प्रत्यक्ष काय करावें

पक्षी एकाएकीं व पुष्कळ मरूं लागणें, तुरा व गळ्याखालचा मांसल भाग निळसर पडणें, डोकें सुजणें, पायांवर रक्ताळ डाग दिसणें, अंडीं अचानक घटणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास त्याच दिवशीं जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत व ग्रामपंचायतींत कळवावें. मेलेला पक्षी स्वतः चिरून पाहूं नये. पक्षी, अंडीं, विष्ठा व तूस शेडाबाहेर हलवूं नये. उघड्या हातांनीं कांहीं न उचलतां हातमोजे व तोंडावर फडकें वापरावें, व हात साबणानें धुवावे.

एरवींहि शेडाच्या दाराशीं जंतुनाशकाचें पाणी ठेवावें व शेडांत वापरावयाचीं पायताणें निराळीं ठेवावीं. व्यापाऱ्यांचे पिंजरे व अंड्यांचे ट्रे एका शेडांतून दुसऱ्यांत जातात. ते धुतल्यावांचून आंत घेऊं नयेत. खाडीच्या व तळ्याच्या कांठच्या गांवांनीं कोंबड्यांचें पाणी व खाद्य रानपक्ष्यांपासून झांकून ठेवावें, आणि बदकें व कोंबड्या निराळ्या राखाव्या. कल्याण-भिवंडीकडील तबेल्यांच्या मालकांनींहि आजारी पक्षी गोठ्याजवळ येऊं देऊं नयेत.

शेडांत काम करणाऱ्या मंडळींनीं दरसालची फ्लूची लस घ्यावी, असें आम्ही आग्रहानें सुचवितों. ती बर्ड फ्लूपासून रक्षण करीत नाहीं हें खरें. पण मनुष्याचा व कोंबडीचा असे दोन विषाणु एकाच शरीरांत गांठीं पडून भेसळ होण्याचा संभव ती कमी करिते. भारतांत एच५एन१ नें मनुष्य दगावल्याची पहिली नोंद जुलै २०२१ मधील आहे. अशा घटना विरळा असल्या तरी पक्ष्यांच्या संसर्गांत आल्यानंतर ताप व धाप लागल्यास डॉक्टरास शेडाची हकीकत सांगण्यास विसरूं नये.

शहरांतील गिऱ्हाइकांसहि हें सांगावें कीं, नीट शिजविलेलें मांस व अंडें यांपासून भय नाहीं. ७० अंशांवरील उष्णतेंत हा विषाणु मरतो. दूध उकळून प्यावें. डोंबिवली-ठाण्याच्या बाजारांत अफवेनें भाव कोसळतो तो अज्ञानानें. आणि तें अज्ञान घालविण्यास अंडें विकणाऱ्याइतका योग्य शिक्षक दुसरा कोण मिळणार?

अनेक वंशांवर चालणारी लस निघेल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. १९१८ सालीं शत्रूचें नांवहि ठाऊक नव्हतें. आज त्याच्या कांट्याचें डोकें व देंठ निराळे ओळखतां येतात. तोंवर वेहळोलीचा हिशेब लक्षांत ठेवून मेलेल्या पहिल्या दहा कोंबड्यांची वर्दी त्याच दिवशीं द्यावी. शेतकऱ्याच्या हातीं आज इतकें निश्चित आहे, आणि उद्यांच्या लसीस बीं मिळतें तेंहि त्यांतूनच.